सहीवरच्या टाळ्या

परवा चिकपेटेत दुकानातल्या टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली आणि तिच्यात माझ्या मुलाचे, सुधीरचे, गाणे वाजले. त्याचे नाव कुठेच नव्हते. कायद्याने ते असण्याची गरजही नव्हती.

नव्वदच्या दशकातली एक संध्याकाळ आठवली. येलहंक्यातल्या आमच्या घरी केबल नवीन होती. रॉक संगीताच्या धंद्यावरची मालिका पाहायला सुधीरच्या बँडची मुले दाटीवाटीने बसत. तापलेल्या टीव्हीचा आणि ओल्या बुटांचा वास खोलीत भरून राही. त्या दिवशी मालिकेतल्या नायकाने कंपनीच्या करारावर न वाचताच, गाडीच्या बॉनेटवर ठेवून, सही ठोकली आणि पेन गर्दीत भिरकावले. मुलांनी टाळ्या पिटल्या.

"अरे, गाण्यांवरचा हक्क कायमचा गेला त्याचा! टाळ्या कसल्या?" कोर्टात नोकरी करणारा मी ओरडलो.

"अण्णा, स्वल्प गप्प बसा की," ड्रम वाजवणारा रघू कानडी ढंगात म्हणाला. "कोर्ट सुटलंय तुमचं."

सगळे हसले आणि त्याच हशात सुधीरने कॅसेट कंपनीचा स्वतःचा करार बाहेर काढला.

"मालकीचे कलम तरी वाच," मी अक्षरशः हात जोडले.

"कलमं वाचणारा कधी स्टार झालाय का, अण्णा?"

त्याने सही केली आणि त्या नायकासारखेच पेन भिरकावले. पुन्हा टाळ्या.

पुढे मी कंपनीला, ग्राहक मंचाला, वृत्तपत्रांना पत्रे लिहीत राहिलो. कंपनीचे उत्तर एकच: सही आपल्या चिरंजीवांचीच आहे. त्या गाण्याबद्दल त्याच्या पदरात पडल्या त्या फक्त टाळ्या, आणि त्याही मालिका पाहून शिकलेल्या.