लंकाकाकूचा वाफा आणि माझे आयरिस

कृषी खात्यात मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली. बियाण्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या, एवढाच माझा शेतीशी संबंध. पण खात्याचं नाव ऐकलं की लोक पिकाचा सल्ला विचारत आणि मीही तो बेधडक देत असे. त्यातला सर्वांत वाईट सल्ला मी लंकाबाईला, म्हणजे माझ्या काकूला, दिला.

काकूचं माहेर नामपूर. लग्न होऊन नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यात आली, काका लवकर गेले आणि माझी आई गेल्यावर मलाही तिनंच वाढवलं. पहाटे फुलं तोडायची, पाटी घेऊन फूलबाजार गाठायचा, परत येऊन माझ्या शाळेच्या डब्याची भाकरी थापायची. बोलायची आमच्यासारखंच, पण राग आला की तिच्या तोंडून नामपूरची अहिराणी बाहेर पडे. विहिरीजवळच्या एका वाफ्यातली फुलं मात्र ती कधी बाजारात नेत नसे. त्यातल्या शेवंतीची माळ घटस्थापनेला मळ्याशेजारच्या देवीला चढायची. लग्नाच्या वर्षापासून एकही साल चुकलं नव्हतं.

१९९८च्या दिवाळीत माझ्या हाती डोंगरातल्या एका नर्सरीचा कॅटलॉग पडला. त्यात आयरिस नावाच्या निळ्याजांभळ्या विलायती फुलाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ही जात वसंतात एकदा फुलते आणि शरदात पुन्हा फुलते. मी राहायचो इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, तिथे माती ती काय, कुंडीतली. तडक मळ्यात गेलो.

"काकू, शेवंती काय सगळेच वाहतात. पुढच्या नवरात्रात देवीला निळी माळ घालू."

"फुलंल ना रे नक्की?"

"छापलंय यात."

काकूला वाचता येत नसे, त्यामुळे छापलेल्याला ती फार मान द्यायची. तिनं विहिरीजवळचा तो वाफा दिला.

नर्सरीतून गड्डे पोचले ते थेट आल्यासारखे दिसत होते. मग काय, आलं-हळद मला तोंडपाठ. वीतभर खोल पुरले आणि वरून चांगली मातीची भर दिली. काकू बांधावर उभी होती.

"वरून उघडं राहू दे ना जरा. ऊन नको का त्याला? कांदाले कोनी गाडस का?"

मी तिला पंधरा मिनिटं कंदपिकांवर व्याख्यान दिलं. ती गप्प झाली. पटलं म्हणून गप्प झाली, असा माझा समज.

वसंतात पानं आली, फूल नाही. मी आणखी भर दिली. पावसाळ्यात गड्डे सडू लागले. मी नाशिकच्या हवेला नावं ठेवली, विहिरीच्या पाण्याला ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं. तोवर देवळातल्या झुंबर गुरवांपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना मी निळ्या माळेचं सांगून ठेवलं होतं. नवरात्र आठ दिवसांवर आलं आणि माझं जेवण कमी झालं. खरंच सांगतो, मला भीती वाटत होती. ज्या बाईनं मला वाढवलं, तिचा एवढा एक नेम माझ्या फुशारकीपायी मोडणार होता.

घटस्थापनेच्या सकाळी मळ्यात गेलो, तर वाफ्याच्या टोकाला एक दांडा आणि त्यावर दोन निळी फुलं. मी लगेच पूर्वपदावर आलो. जमलेल्या चार माणसांना भर देण्याचं महत्त्व समजावून सांगू लागलो. झुंबर गुरव वाकून बघत होते.

"मग या एकाच झाडाची माती कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

गड्डा उन्हात उघडा होता आणि भोवती खुरप्याच्या खुणा होत्या. मी विषय बदलून माळेकडे वळलो. एक फूल खुडून सुईत ओवू गेलो, तर ते हातात लिबलिबीत झालं. माळेचं फूलच नव्हतं ते.

काकू गोठ्यामागे गेली आणि शेवंतीची भरली पाटी घेऊन आली. मी वाफ्याला हात लावायच्या आधीच तिनं शेवंतीच्या जुन्या झाडांचे फुटवे गोठ्यामागे नेऊन लावले होते. पहिली माळ नेहमीच्या वेळेला चढली. उरलेलं निळं फूल काकूनं देवीच्या पायाशी ठेवलं आणि गुरवांना म्हणाली, "हे आमच्या यादवचं."

परतताना मी विचारलं, "माळ तर होणारच होती. मग माती कशाला काढलीस?"

"माळंचं मी बघितलं होतं. पण चार लोकांत शब्द तू दिला होता."

"मग सगळ्याच झाडांची का नाही काढलीस?"

"तुला कळलं असतं ना," काकू म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.