मुद्देमालाच्या खोलीतली गिटार

नोकरीतल्या खुनाच्या केसेससुद्धा मी विसरलो, ही नाही विसरलो. आणि हिच्यात कुणी मेलंही नव्हतं. साधी घरफोडी होती.

नव्वदीची मधली वर्षं. मी पोलादपूर ठाण्यात नवा कोरा शिपाई. शाळेपासून माझ्यात एकच गुण, नकला. फौजदारसाहेब जेवायला गेले की त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्याच आवाजात फोन घ्यायचो. एकदा त्यांच्या बायकोचा आला. तिने भाजीची यादी सांगितली, मी 'हं, हं' करून ठेवून दिला. संध्याकाळी साहेब हात हलवत घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात कुणाचीच धडगत नव्हती.

आंबेनळीच्या रस्त्याला मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. तो फोडला. टीव्ही, चांदीची भांडी आणि भिंतीवरची एक जुनी, हाताने बनवलेली विलायती गिटार गेली. गिटार वडिलांची, म्हणून शेठ चिडलेले. वरून फोन सुरू झाले. आठवड्याभरात आमच्या खबऱ्याने बातमी आणली. हा खबऱ्या टेम्पो चालवायचा. म्हणाला, दासगावात एक म्हातारा मुसलमान सुतार आहे, सगळे त्याला चाचा म्हणतात, दारं न् होड्या बनवतो, आणि घरात गोधडीत गुंडाळून गिटार ठेवलीय.

महाड ठाण्याला कळवून आम्ही गेलो. गिटार मिळाली. जागेवरच पंचनामा झाला. आमच्या हवालदाराने गिटारीच्या भोकावर कापड बांधलं, सुतळी आवळली, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली आणि लाख वितळवून चार सीलं मारली. एक थेट वरच्या फळीवर पडलं. चाचाने असा हात मागे घेतला, जणू चटका त्यालाच बसला.

ठाण्यात शेठने टेबलापलीकडूनच ओळखली. "हीच." चाचा म्हणाला, मी बनवलीय. शेठ हसले, "दासगावचा सुतार ही बनवणार?" फौजदार हसले, म्हणून आम्हीही हसलो.

चौकशीत चाचा अडखळत बोलायचा. तरुणपणी मुंबईत एका गोवेकर मिस्त्रीकडे गिटारी बनवायला होता. प्रत्येक गिटारीत चिठ्ठी लागायची ती मालकाच्या नावाची. नोकरी सोडताना मिस्त्रीने त्याला विलायती देवदाराची एकच फळी दिली. पाठीला शिसव त्याने स्वतः शोधलं. फळी रंधायची, बोटाच्या पेराने ठोकून ऐकायची, पुन्हा रंधायची. पावसाळाभर हेच. आत पंख्यासारख्या पट्ट्या, आणि सगळं सरसाने जोडलेलं, एक खिळा नाही. तीस वर्षं ती त्याच्या घरात होती. आयुष्यात त्याची स्वतःची म्हणून झालेली ती एकच.

फौजदारांनी विचारलं, पुरावा काय?

"ना-नाव हाय साहेब. फळीच्या आतल्या अंगाला, शिसपेन्सिलीने. बंद करायच्या आधी लिवलंय. एक आरसा द्या न् बॅटरी द्या, भोकातून दिसल."

भोकावर सील. सील तोडायचं तर कोर्टाची परवानगी. रीतसर अर्ज करू, म्हणाले साहेब. माझ्या खिशात कंगवा आणि छोटा आरसा कायम असायचा. तो खिशातच राहिला.

चाचा चार दिवस कोठडीत राहिला. मग जामीन झाला, अट एकच, दर सोमवारी हजेरी. दासगावहून एसटीने यायचा, सही करायचा आणि मुद्देमाल कारकुनाला सांगायचा, "ता-तारा तेवढ्या सैल करा. खोलीला पत्रा हाय. उन्हाने सरस मऊ होतो, तारा ओढतात, फळी फाटल."

कारकून म्हणायचा, "चाचा, पंचनाम्यात 'सहा तारा ताणलेल्या' असं लिहिलंय. आम्ही हात लावला तर पुराव्याशी छेडछाड होते."

चाचाची पाठ वळली की माझा खेळ सुरू. "ता-ता-तारा तेवढ्या..." मान कशी हलते, हात कसे जोडतो, सगळं हुबेहूब. अख्खं ठाणं पोट धरून हसायचं. एका सोमवारी तो विसरलेली पिशवी न्यायला परत आला. मी तेव्हा दुसऱ्या 'ता'वर होतो. तो दारात थांबला, माझं संपेपर्यंत. मग पिशवी घेतली आणि गेला.

कोर्टाचा हुकूम आला तेव्हा मे संपत आला होता. पंचांसमोर सील तोडलं, कापड सोडलं. आरशाची गरजच पडली नाही. तारा जिला बांधतात ती घोडीच त्यांनी उपटली होती आणि फळी कडेने सुटून मधोमध फाटली होती. आतलं अंग वर आलं होतं. त्यावर शिसपेन्सिलीने चाचाचं नाव, खाली 'दासगाव'. चीर नावातूनच गेली होती.

त्याच पंधरवड्यात शेठची गिटार त्यांच्या सख्ख्या भाच्याकडे सापडली. घरचं प्रकरण म्हणून ते त्यांनी मिटवलं. शेठचा फोन मीच घेतला, या वेळी माझ्याच आवाजात. "तो म्हातारा कारागीर खरंच चांगला आहे का हो? त्याचा पत्ता द्या. आमच्या गिटारीला जरा मार लागलाय."

चाचाला मुद्देमाल परत द्यायचा होता. पावतीवर छापलेलं होतं, 'माल सुस्थितीत मिळाला'. त्याने ते दोनदा वाचलं. कारकून म्हणाला, छापीलच आहे, सही करा. त्याने केली. तुकडे गोधडीत बांधले आणि माझ्याकडे बघितलं.

"पोरा, तू स-सगळ्यांचे आवाज काढतोस. हिचा काढ ना एकदा."

आवाजात राग नव्हता. तो खरंच माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. मला जमलं नाही. जमणार कसं? एवढ्या महिन्यांत आमच्यापैकी एकानेही तिची एक तार छेडली नव्हती.

या केसमध्ये कागदावर कुणाचीच चूक नाही. पंचनामा बरोबर, सील बरोबर, अर्ज बरोबर. हवालदाराला तर चोख बंदोबस्ताबद्दल शेरा मिळाला. मी काय शिकलो म्हणाल, तर पुढे कुणी आरोपी 'एवढं बघा साहेब' म्हणाला की मी आधी बघायचो आणि सील नंतर मारायचो. त्यापायी दोनदा मेमो खाल्ला, आणि तीन माणसं कोठडीत न जाता घरी गेली. लोक याला माझा चांगुलपणा म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. चाचा मात्र त्यानंतर फक्त दारं बनवत राहिला.