नामदेवच्या वाटाण्याचे बांबू

पहाटे फोन वाजला. पलीकडून नामदेवच्या घरच्या यशोदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा दोस्त गेला." मी त्याच्या गावी, मुर्रीला पोहोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, आणि ज्यानं जन्मात कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही तो नामदेव चादरीखाली गप्प पडला होता... मला ती सरळसरळ फसवणूक वाटली.

दिवाळीनंतर त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी "घरी न्या" म्हटलं. घरी येऊन या गड्यानं काय करावं? घरामागच्या बाडीत वाटाणा पेरला! वेल वर चढायला लागले तसं त्याला दोन हिरवे, लांब बांबू हवे झाले. मला घेऊन देवरीला निघाला. बांबू घेऊन परतताना धाप लागत होती, पण कंडक्टरशी भांडण्यापुरता दम शिल्लक होता. "बांबूचं तिकीट लागंल," कंडक्टर म्हणाला. "फुल का हाफ?" नामदेवनं विचारलं, आणि अख्खी बस हसली. दोन्ही बांबू टपावर चढले. घरी आल्यावर खुंट ठोकले, त्यांवर बांबू आडवे बांधले, खाली सुतळ्या सोडल्या. तो खुर्चीत बसून माझ्यावर खेकसत होता, "ओढू नको बे त्याले! सुतळी दाखव फक्त, तो आपला चढते."

फुलं आली, शेंगा धरल्या. रोज सकाळी तो एक शेंग चिमटीत दाबून पाही आणि म्हणे, "दाणा नाही अजून." आपल्या हातची एक वाटी मटर खाऊन जायचं, एवढाच त्याचा हट्ट उरला होता. गेला तेव्हा शेंगा चपट्याच होत्या.

त्या सकाळी तिरडीला बांबू आणायला गेलेला माणूस हात हलवत परतला, दुकान बंद होतं. नामदेवच्या काकांची नजर बाडीकडे गेली. "हिरवे हायेत, लांब हायेत. घ्या काढून." तेवढ्यात वहिनी दारात आल्या. "न्या. पण एक वेल तुटला तं मी त्यायले उचलू देणार नाही." मग जे झालं ते नामदेवनं पाहिलं असतं तर टाळ्या पिटल्या असत्या... खांदा द्यायला आलेले आठ-दहा बाप्ये बाडीत उकिडवे बसून, श्वास रोखून, वेलांचे दोऱ्यासारखे तणावे बांबूंवरून सोडवत होते. "हळू बे," एकजण दुसऱ्याला दटावत होता, "जानवरं चाराले आला काय?" आणि आत प्रेत वाट पाहत होतं.

महिन्याभरानं गेलो. नामदेव ज्या बाजेवर गेला, ती टाकून द्यायची सोडून वहिनींनी बाडीत उभी रोवली होती. वेल तिच्या नवारीतून पार माथ्यापर्यंत गेले होते. काका ओट्यावरून धुसफुसत होते, "मेलेल्याची बाज घरात ठेवतेत काय?"

"घरात कुठं हाय? बाडीत हाय," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी एक टपोरी शेंग तोडली, सोलली आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले. स्वतः एकही तोंडात टाकला नाही.

"गोड हायेत?"

"गोड आहेत, वहिनी."

त्या बाजेकडे बघत राहिल्या.

"मंग थांबाले काय झालं होतं यायले?"