परसात आलेली तांबू

मी सिरसाळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, हे आधीच सांगून टाकते. इथले लोकांनी लिहिलेले भुताखेतांचे अनुभव मी कित्येक वर्षं वाचत आलेय, पण ते भाजी निवडताना करमणूक म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून हसायचं. वर्गात एखाद्या पोरानं भुताचा विषय काढला की त्याला फळ्यापाशी बोलावून "भुताचं वजन किती, अन् मोजलं कुठल्या काट्यावर?" असं विचारणारी बाई मी. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलेय याचं माझं मलाच हसू येतंय. तुम्हीही हसा. फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा.

आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. पुढं सासऱ्यांचं किराणा दुकान, मध्ये राहतं घर, मागं परस. परसात न्हाणी, लिंबाचं झाड, गोठा आणि बोळात उघडणारं पत्र्याचं फाटक. फाटकाला आतून कडी आहे. ती कडी लक्षात ठेवा.

घरात आम्ही चौघं. सासरे म्हणजे अण्णा, नवरा महेश, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. पाचवी तांबू. लाल कंधारी गाय, डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. आत्याबाईंचा तिच्यावर लई जीव. माझं आणि तिचं मात्र पहिल्या दिवसापासून हाडवैर. मी लग्न होऊन आले, पूजेला म्हणून तिच्या पायावर पाणी घातलं, आणि तिनं तांब्यासकट मला उडवलं. त्यानंतर मी कधी तिच्या हाताच्या अंतरात गेले नाही आणि तिनंही कधी बोलावलं नाही.

तांबूचं एक वासरू गेलं होतं. दिवस भरायच्या कितीतरी आधी तिची पाणमोट फुटली होती आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही. गोठा ओला दिसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, मूत असेल, गोठ्यात दुसरं काय असणार. वासरू मेलेलंच पडलं. ती त्याला अर्धा दिवस चाटत होती. घशातल्या घशात एक बारीक हुंकार काढायची, थांबायची, पुन्हा चाटायची. मी गाईला भिणारी बाई, पण त्या दिवशी खिडकीतून बघताना मला रडू आलं होतं. नंतर ती पुन्हा गाभण राहिली नाही. आटली.

आणि मग, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, दवाखाने करून करून थकल्यावर, मला दिवस गेले.

गल्लीतल्या बायकांनी लगेच आत्याबाईंचे कान भरले. गाभडलेली गाय गरवार सुनेच्या घरात ठेवू नये म्हणे, सावली पडते. मी भांडले. गाईसाठी नव्हे, तत्त्वासाठी. "आत्याबाई, सावली कावून पडंल? ऊन असलं तर समद्यांचीच पडती," असं त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. पण त्या ऐकेनात. इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलणार होता, बाई घाबरलेली होती. शेवटी तांबूला टेम्पोत घालून नांदूरघाटला आत्याबाईंच्या भावाकडे पाठवलं. सिरसाळ्याहून नांदूरघाट म्हणजे गाडीनं चांगला दीड-दोन तासांचा रस्ता. टेम्पोत चढताना ती वळून वळून बघत होती. माझ्याकडे नाही, आत्याबाईंकडे.

मला सातवा संपत आला होता. ऐन उन्हाळा. डोहाळजेवण झालं होतं, चार-आठ दिवसांत बाळंतपणाला धर्मापुरीला माहेरी जायचं होतं. तेवढ्यात मला सारखं ओलं वाटायला लागलं. म्हणजे धो-धो काही नाही. उठलं की थोडं, खोकलं की थोडं. लाज वाटायची. आत्याबाईंना हळूच सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उन्हाळी लागली असंल. ऊन का कमी हाय?" उन्हाळी म्हणजे उन्हानं होणारा लघवीचा त्रास. त्यावर धन्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक असा मारा सुरू झाला. मीही मान डोलावली. मी तर त्यात माझं विज्ञान मिसळलं! गर्भाशयाचा भार मूत्राशयावर येतो, त्यामुळे लघवीवर ताबा राहत नाही, असं मीच महेशला समजावून सांगितलं. पोटात बाळ हलत होतं. चार दिवसांवर तपासणी होतीच, तेव्हा विचारू म्हटलं.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी आत्याबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. महेश माल आणायला परळीला गेला होता, अण्णा दुकानात. मी परसातल्या ओट्यावर लिंबाच्या सावलीत पाय सोडून बसले होते. साडी पुन्हा ओली झाली होती आणि बदलायला उठायचाही कंटाळा आला होता. मी जागी होते. हातात पंखा होता, समोर न्हाणीवर चिमण्या भांडत होत्या, वरून आत्याबाईंच्या सोऱ्याचा करकर आवाज येत होता. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की तुम्ही म्हणाल, डोळा लागला असेल. नव्हता लागला.

गोठ्याच्या बाजूनं तांबू आली.

मला काही विशेष वाटलं नाही, हेच विशेष. वाटलं, नांदूरघाटचे मामा हिला परत घेऊन आले की काय... तेच डावं मोडकं शिंग हलवत ती सरळ माझ्याकडे आली. मी पाय वर ओढून घेतले, लाथेच्या धाकानं. तिनं ओट्यावरचा ओला डाग हुंगला. मग माझे पाय हुंगले आणि चाटायला लागली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. तिची जीभ इतकी खरखरीत की कातडी जळायला लागली, आणि घशातून तोच हुंकार. बारीक, थांबून थांबून. मी खिडकीतून ऐकलेला.

"आत्याबाई," मी वर तोंड करून ओरडले, "तांबू आलीय बघा. बांधा हिला."

"येडी झालीस काय?" वरून उत्तर आलं. "तांबू नांदूरघाटला हाय की."

मी मान खाली केली तर समोर काही नव्हतं. फाटकाकडे पाहिलं, आतून कडी लावलेली.

आत्याबाई पिठाच्या हातानंच खाली आल्या. मी सांगितलं, तशा हसायला लागल्या. म्हणाल्या, "तुला चाटंल व्हय ती?" मग त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत लालबुंद झाले होते आणि त्यावर फेसाळ लाळ होती. आत्याबाईंचं हसू गेलं.

"आवाज काय काढत हुती?"

मी काढून दाखवला. आत्याबाई ओट्यावर माझ्या पायाशी बसल्या. मग वाकून त्यांनी माझ्या साडीचा ओला काठ नाकाला लावला, आणि माझ्याकडे बघितलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

"पोरी, ही उन्हाळी न्हाई गं. ह्याला मुताचा वास न्हाई. तांबूच्या येळेला बी आमी असंच म्हनलो हुतो."

कुरडया गच्चीवर तशाच राहिल्या. अण्णांनी दुकानाचं शटर ओढलं, शेजारच्यांची गाडी बोलावली आणि आम्ही अंबाजोगाई गाठली. रस्ताभर आत्याबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. हाताला कुरडईचा चीक लागलेला, तो वाळून कडक झाला होता.

डॉक्टरमॅडमनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून जातंय पाणी?" मी सांगितलं, तिसरा दिवस. गर्भजलच होतं. पिशवीला वरच्या बाजूला कुठंतरी फट पडली होती. "अजून इन्फेक्शन दिसत नाही, नशीब म्हणा. आणखी दोन-तीन दिवस घरी काढले असते तर मी काही सांगू शकले नसते. आता बाळाला जितके दिवस आत ठेवता येईल तितके ठेवायचे." बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली, अँटिबायोटिक सुरू केलं आणि मला खाटेवर झोपवलं. सलाईन लावणाऱ्या सिस्टरनं विचारलं, "पायाला काय घासलंय? खाज येतेय का?" मी काय सांगणार! "हो" म्हटलं.

नंतरचे ते दिवस... कुणावर येऊ नयेत. शिंक आली तरी दोन्ही हातांनी पोट धरायचं. पॅड बदलताना रंग बघायचा, वास बघायचा, सिस्टरला दाखवायचा. अंगाला हात लावून ताप आहे का ते दिवसातून शंभरदा बघायचं. मला सगळ्यात मोठी भीती ही होती की पाणी असंच जात राहिलं तर आत बाळ कोरडं पडेल. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जातंय तसं नवीनही तयार होतंय. या दिवसांत ते पाणी म्हणजे बहुतेक बाळाची लघवीच असते." हे मी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी उन्हाळीच की. तुजी न्हाई, त्याची."

मी इतकी हसले की सिस्टर रागवायला आली. हसण्यानंही पाणी जातं. पण खरं सांगते, त्या हसण्यानंतर मला पहिल्यांदा वाटलं की हे निभेल. रोज सकाळी पोटावर मशीन ठेवून ठोके ऐकवायचे. घोडा दौडत यावा तसा तो आवाज. आत्याबाई पदर डोक्यावर घेऊन ऐकायच्या, देवळात उभ्या राहतात तशा. अण्णा रोज फोन करून एकच वाक्य बोलायचे, "हाय ना आत?" आणि "हाय" म्हटलं की ठेवून द्यायचे.

जवळजवळ तीन आठवडे निभलं. मग कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली. एवढीशी, माझ्या ओंजळीत मावेल अशी, पण जन्मताच रडली. काचेच्या पेटीत ठेवली तिला. मॅडम म्हणाल्या, "छान आहे. आता तिला आईचं दूध हवं. नळीतून थेंब थेंब देऊ, पण आईचंच."

आणि मला दूध येईना.

एक दिवस गेला, दुसरा गेला. पिळून पिळून छाती दुखायला लागली, वाटीत चार थेंब. कुणी मेथी आणली, कुणी अळीवाची खीर. मी पेटीपाशी उभी राहायची आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. इतकं करून पोरीला आत ठेवली, आता बाहेर आली तर माझ्याकडे द्यायला काही नाही. मला माझा राग यायचा, स्वतःच्या अंगाचाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई खाटेच्या कडेला येऊन बसल्या. "तुला येक सांगायचं राह्यलंय," म्हणाल्या. "आपून इकडं आलो ना, त्या दिसी माझ्या भावाचा फोन आलता."

"काय म्हणत होते?"

"तांबूचंच सांगत हुता. दुपारी कुरडया घालायच्या येळेला, खुट्याला बांधलेली, ह्याच्या म्होरंच हुती म्हनं. येकायेकी दावं तोडाया लागली. सिरसाळ्याच्या अंगाला तोंड करून हंबरती, गळ्याला वळ पडले पार. अन् मग उभ्या उभ्या..." आत्याबाईंनी माझा हात धरला. "उभ्या उभ्या पान्हा सोडला गं तिनं. आटलेली गाय, म्होरं वासरू न्हाई. धारा लागल्या निस्त्या मातीत."

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू भ्याली असतीस. न्हाई तर हसली असतीस."

मी हसले नाही. मी रडले. लहान मुलासारखी, आवाज काढून रडले. तांबूसाठी, तिच्या त्या वासरासाठी, आम्ही तिला टेम्पोत घातलं त्यासाठी, आणि काचेतल्या माझ्या पोरीसाठी. आत्याबाईंनी मला जवळ घेतलं. थोड्या वेळानं त्यांनीच मला बाजूला केलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. माझं पोलकं पुढून ओलंचिंब झालं होतं.

पुन्हा ओलं. पण या वेळी दोघींपैकी कुणालाही शंका आली नाही. आत्याबाई वाटी आणायला पळाल्या.

दुधाचं कारण मला माहीत आहे. माणूस मोकळं झालं की पान्हा फुटतो, शास्त्रातही आहे, मी शिकवू शकते. महेशचं म्हणणं असं की ती बाजारातली एखादी मोकाट गाय असणार. मग मोडकं शिंग? मग आतली कडी? त्याच वेळी नांदूरघाटला झालं ते? त्यावर तो "योगायोग" म्हणतो आणि मोबाईल बघायला लागतो. मलाही याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. मला फळ्यापाशी बोलावून कुणी विचारलं, तर मी खडू खाली ठेवून देईन.

पोर घरी आली त्याच आठवड्यात अण्णांनी टेम्पो पाठवून तांबूला परत आणलं. गल्लीतल्या बायका काय म्हणाल्या ते आत्याबाईंनी ऐकूनही घेतलं नाही. आता लेक तिसऱ्या वर्षात आहे. दिवसभर परसात तांबूच्या चार पायांमधून इकडून तिकडे जाते, शेपटीला लोंबकळते, आणि ती गाय पाय उचलत नाही, तिचं डोकं चाटून केस नुसते उभे करून ठेवते.

मी जवळ गेले की मात्र अजूनही लाथ उगारते. मी दोन पावलं मागं सरते आणि म्हणते, मार बाई, तुझा हक्क आहे.