मोठ्या बाबांनी आणलेले गोल्डफिश

डोकं इतकं तापलंय की इथे लिहूनच मोकळी होते.

मी पहिल्यांदाच मासे पाळणार आहे. टाकीत खताची माती घातली, रोपं लावली, पाणी भरलं आणि थांबले. नव्या मातीतून अमोनिया सुटतो. पाणी माशांना राहण्याजोगं व्हायला काही आठवडे लागतात, तोवर मासे सोडले तर मरतात. हे घरात सांगून झालं होतं, टाकीचा फोटो टाकून फॅमिली ग्रुपवरही लिहिलं होतं.

आज दुपारी अकोल्याहून मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, अमरावतीला आमच्याकडे आले. मी ऑफिसात होते. त्यांनी येताना पिशवीत गोल्डफिश आणले आणि आल्या आल्या टाकीत सोडून दिले.

संध्याकाळी घरी येऊन पाहते तर रोपं उपटून तरंगताहेत आणि मासे पाण्यावर तोंड काढून आ वासताहेत.

"मोठे बाबा, कोणाले विचारून सोडले?"

"विचारायचं काय त्यात? भावाच्या घरी रिकाम्या हातानं येऊ काय? टाकी सुनी सुनी दिसत होती. पाह्य, कसे वर येऊन तुह्यासंगं बोलून राह्यले."

बोलत नव्हते ते. गुदमरत होते.

मी आवाज चढवला. मग आईच माझ्यावर चिडली.

अर्धं पाणी बदललं, तरी मासे वरच आहेत. मोठ्या बाबांनी त्यांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय आणि खाली सगळ्यांनी हात जोडलेत.

आई म्हणते, मोठ्या बाबांची माफी माग. मागते. माशांची कोण मागणार, तेवढं मला कोणीतरी सांगा.