सटवाईच्या हातातला बोरू

आईने सांगितलेल्या गोष्टी मी मातीत आणि कागदाच्या लगद्यात करत आले. छातीवर पोपटाचा पिंजरा घेऊन झोपलेला राक्षस केला, विहिरीच्या काठावर केस वाळवणाऱ्या आसरा केल्या. सटवाई मात्र बरीच वर्षं टाळली. पाचवीला येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाणाऱ्या त्या बाईला डोळे कसे द्यायचे, तेच मला कळत नव्हतं.

शेवटी केली, तेव्हा तिला भयंकर केलं नाही. नुकतीच निंदण करून आलेली, पदर खोचलेली, चाळिशीची बाई. जमिनीवर बसून लाकडी पाळण्यावर वाकलेली. पाळणा रिकामा. उजवी मूठ मी मुद्दाम सैल ठेवली. आमच्या सुलतानपूरहून प्रदर्शनासाठी बुलढाण्याला टेम्पोने जायचं होतं, लिहायचा बोरू आधीच मुठीत बसवला असता तर वाटेत मोडला असता.

पावसाळ्याचे दिवस, त्या दिवशी बुलढाण्यात धुकं उतरलं होतं. हॉलच्या खिडक्या नीट लागत नव्हत्या, त्यामुळे ते आत शिरून मूर्तींच्या पायांशी रेंगाळत होतं. सकाळी मी तिच्या मुठीत बोरू घातला. तो दोनदा निसटून खाली पडला, तेव्हा तिरपा करून कसाबसा टेकवला. लोक आले, राक्षसाजवळ फोटो काढून गेले. सटवाईपुढे कोणी थांबेना. बायका दुरूनच हात जोडत आणि पुढे सरकत.

दुपारी हॉल ओस पडला असताना एक तरुण बाई आली. दुपट्यात तान्हं बाळ होतं. मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "बाई, याले ठेवू का इथं?"

मी काही बोलायच्या आत तिने बाळाला पाळण्यात ठेवलंसुद्धा. बाळ जागं होतं. त्याने मूर्तीच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकदम शांत झालं. त्याची नजर हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकायची, परत मागे यायची, पुन्हा सरकायची. कोणी त्याच्यासमोर ओळीमागून ओळ लिहीत असावं तशी.

"पहिल्या खेपेले आमी दवाखान्यातच होतो," ती म्हणाली. "पाचवी पुजली नाही. ते लेकरू गेलं. याची पुजली, पन मनातलं भेव जात नाही." मग खाली बघत म्हणाली, "तो बोरू काढता का तिच्या हातातून?"

"काऊन?"

"लय लिहिलं तिनं. आता पुरे."

मी बोरू धरला. निघेना. जोर लावला तरी हलेना. बोटांना घाम आला. सकाळी निसटून पडणारा बोरू मुठीत असा रुतला होता, की आणखी ओढला असता तर मूर्तीची बोटं तुटली असती.

ती बाई गुडघ्यांवर बसली. मूर्तीच्या मुठीवर तिने आपला हात ठेवला आणि सासूशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "सोड माय. सोड आता."

बोरू माझ्या हातात आला. ओढावाही लागला नाही.

बाळ रडायला लागलं. तिने ते उचललं, पदराखाली घेतलं आणि धुक्यात निघून गेली. मी बोरू पर्समध्ये टाकला आणि संध्याकाळपर्यंत दाराजवळच्या खुर्चीवर, मूर्तीकडे पाठ न करता, बसून राहिले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ओलीनं लगदा फुगला असन. त्यात काय?" बरोबरच आहे. पावसाळ्यात लगदा फुगतोच. मग क्षणात आकसला कसा, हे मी त्याला विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मेहकरच्या बाजारात ती बाई दिसली. मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. तिचं पोर मागे पोत्यावर धुळीने माखून खेळत होतं. तिने मला ओळखलं.

"घरीच आहे का ती?"

"हो. मागच्या खोलीत."

"हात रिकामाच आहे ना?"

मी मान डोलावली. तिने एक जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि गिऱ्हाईकाकडे वळली.