बेलसरे सरांची न धुवायची कवळी

डॉ. बेलसरे पेशंटच्या तोंडात बघताना श्वास रोखून धरत. दोन मास्क, आतल्या मास्कवर निलगिरीचा थेंब, आणि तरीही मान अशी तिरपी की वाटावं, हा माणूस पेशंटला सोडून भिंतीवरचं कॅलेंडर तपासतोय. दंतवैद्याला तोंडाची किळस यावी, म्हणजे हलवायाला पाकाचा वास सोसू नये, तशातली गत. "तोंड म्हणजे गटार गं," ते मला म्हणत. "आपण नुसती झाकणं बसवायची."

चिंचवडच्या त्यांच्या दवाखान्यात मी असिस्टंट डॉक्टर होते. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते आवडत. त्यांच्या हातात कला होती. दात तासून त्यावर टोपी बसवावी तर त्यांनीच. जीभ फिरवली तरी सांधा लागायचा नाही. शिकवतानाही काही राखून ठेवत नसत. दुपारी आपल्या डब्यातली भाजी माझ्यापुढे सरकवत, आणि जेवण झाल्यावर हात धुवायला जे जात, ते कोपरापर्यंत धुऊनच परतत. मला त्याचं हसू यायचं. तेव्हा हसण्यावारीच नेलं मी सगळं.

मग त्यांच्या आयुष्यात ग्राफीन आलं. ग्राफीन म्हणजे कार्बनच. पेन्सिलीच्या शिशात असतो तोच, फक्त एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. त्याची पूड कवळीच्या प्लास्टिकमध्ये किंचित मिसळली की कवळी चिवट होते, हातातून पडली तर सहजी तडकत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत तरी तिच्यावर बुरशी कमी धरते. हे मीही वाचलं होतं. सरांनी त्यातलं 'बशीत तरी' तेवढं गाळलं. "आपोआप स्वच्छ राहणारं तोंड," ते म्हणत, "आपल्याला परत डोकवायलाच नको." आणि चेहरा असा उजळे, की कीव यावी. त्या पुडीने गुलाबी कवळीला मळकट राखाडी छटा येई, तीही ते कौतुकाने दाखवत. पेशंटला मात्र एकच मंत्र: "धुवायची कटकट नाही. घाला आणि विसरा."

सर, कवळी कशाचीही असो, धुवायला सांगायलाच हवं, असं मी एकदा म्हटलं. तुझ्या वयाच्या मानाने तू फार जुनाट आहेस, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

हौसाबाईंना त्यांचा मुलगा घेऊन आला, राजगुरुनगरजवळच्या गावातून. तो चाकणला कंपनीत. आईसाठी शिफ्ट बदलून घेतली होती. म्हातारीचं मागणं एवढंच, की नातवंडांच्या शेजारी बसून भाकरी चावता यावी. ग्राफीनची कवळी छान बसली. हौसाबाई हसल्या, सरांनी फोटो काढला आणि तो पुढे दंतवैद्यांच्या संमेलनांतल्या भाषणांतून मिरवला.

दिवाळीनंतर हौसाबाई एकट्याच आल्या, तोंडावर पदर धरून. सरांना वास दारातूनच कळला. "आत ने हिला. तू बघ," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. मी कवळी काढली. कवळीवर पिवळट, बुळबुळीत थर, ओढला तर तार निघावी असा. वर टाळू लालभडक, मध्ये पांढरे चट्टे. महिनोन्‌महिने कवळी तोंडातच होती. धुणं सोडा, झोपताना काढलीसुद्धा नव्हती.

"वास मला बी यायचा, बाई," हौसाबाई म्हणाल्या. "पन म्हनलं, डॉक्टरला आपल्यापरीस जास्त कळतंय. आता सून माजं ताट निराळं लावती. पोरं जवळ येत न्हाईत."

त्या थराची किळस मला हात धुवेपर्यंत होती. सरांची जी आली, ती अजून गेलेली नाही. स्वतःला तोंडं बघवत नाहीत म्हणून या माणसाने एका बाईला तिच्याच घरात पंगतीतून उठवलं होतं, आणि वर तिचा हसरा फोटो गावभर दाखवत होता.

मी कवळी साबणाने, ब्रशने घासून काढली. तोंड बरं होईपर्यंत घालू नका, मग रोज धुवा, रात्री पाण्यात ठेवा, असं समजावलं. बुरशीवरचं औषध दिलं. हे बरं होतं आजी, वास जाईल, असं म्हटल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात शेजारच्या केबिनमधून सरांचा आवाज आला. निगडीच्या एक बाई कवळीची चौकशी करायला आल्या होत्या. "धुवायची कटकट नाही, मॅडम. घाला आणि विसरा."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठायच्या आत त्याच उठल्या. केबिनमध्ये जाऊन त्या बाईंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, पदर खाली घेतला आणि आपलं ते सोललेलं, रिकामं तोंड उघडलं.

"वास घ्या, बाई," त्या म्हणाल्या. "मंग ठरवा."

सर खुर्चीसकट मागे सरकले. "हिला बाहेर ने," एवढंच मला म्हणाले.

मी नेलं, रिक्षात बसवलं, आणि परत आत गेले नाही.